ताराच्या पायांत काय घालावं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला पडघ्याजवळच्या आमच्या शेतावरून गड्याचा फोन आला. "ताई, घोडीचा नाल निघालाय." मी भिवंडीच्या घरी चहा गाळत होते. मला वाटलं, आपली चप्पल तुटते तसलाच काही प्रकार असेल. "संध्याकाळी येते, मग बघू," असं म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी पोचले तेव्हा तारा पुढचा उजवा पाय जपून टेकत होती आणि दर पावलाला मान वर झटकत होती. खुराच्या कडेचा बोटभर तुकडा नालाबरोबर उपटून गेला होता. चप्पल तुटली तर पाय शाबूत राहतो. नाल उपटला तर खूरही सोबत जातो. हे मला बारा तास उशिरा कळलं.

तारा माझ्या दादाची. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारातून त्याने ही कुमैत घोडी आणली. कुमैत म्हणजे अंग तांबूस, आयाळ आणि शेपूट काळी. पुढे नोकरीसाठी त्याला मस्कतला जावं लागलं. त्याची मुलगी कॉलेजात शिकते, रविवारी रपेटीला येते. बाकी सहा दिवसांची जबाबदारी माझी. मी सुताच्या व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिते. ताणा-बाणा, सुताचा नंबर, उधारीचे दिवस यातलं मला कळतं. घोड्यातलं काही कळत नव्हतं. वर्षभर मी ताराला गूळ भरवला, तिच्या मानेवरून हात फिरवला, खरारा करायलाही शिकले. पण त्या वर्षात एकदाही मी तिचा पाय उचलून खालून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नालबंद शोधायला निघाले. टांगे गेले तसे नालबंदही विरळ झाले. शेवटी वरातीला घोडे देणाऱ्या एका तबेल्यातून एका चाचांचा पत्ता मिळाला. साठी ओलांडलेले, हातात कातडी पिशवी. ते आले, तारापाशी नुसतेच उभे राहिले, तिला चार पावलं चालवायला लावलं आणि मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही पाय उचला." मी तिच्या तोंडाकडे तोंड करून उभी राहिले आणि दोन्ही हातांनी पाय ओढू लागले. तारा हलली नाही. चाचांनी मला फिरवून शेपटीकडे तोंड करायला सांगितलं, खांद्यापासून हात सरकवत खाली न्यायला सांगितला आणि घोट्याच्या वर, मागच्या शिरेवर हलकेच दाबायला सांगितलं. पाय आपोआप वर आला. वर्षभर ती पाय द्यायला तयार होती. मागायचं कसं हेच मला माहीत नव्हतं.

खुराचा तळ मी पहिल्यांदा पाहिला तो असा. चाचांनी चाकूच्या टोकाने एकेक भाग दाखवला. बाहेरची कडक भिंत म्हणजे आपल्या नखासारखी, त्याच केराटिनची. तिच्या बाहेरच्या थरात नस नाही की रक्त नाही. आतला खोलगट भाग म्हणजे तळवा. मध्ये मागून पुढे निमुळता होत गेलेला रबरासारखा त्रिकोण. इंग्रजीत त्याला 'फ्रॉग' म्हणतात, म्हणजे बेडूक; चाचा त्याला पुतळी म्हणतात. मी वहीत 'मधली गादी' असं लिहून घेतलं. मागे टाचेचे दोन मऊ गोळे. घोडा पाय टेकतो तेव्हा खुराचा मागचा भाग किंचित फाकतो, उचलतो तेव्हा आवळतो. धक्का तिथे जिरतो आणि पायातलं रक्त वर सरकायलाही त्याने मदत होते. मी ज्याला लाकडाचा ठोकळा समजत होते, तो दर पावलाला उघडमीट करणारा जिवंत अवयव निघाला.

मग मी चाचांना तो प्रश्न विचारला जो विचारायला मला लाज वाटत होती: खिळे ठोकताना तिला दुखत नाही का? त्यांनी तळव्याच्या आणि भिंतीच्या मधली एक बारीक रेघ दाखवली. पुस्तकात तिला 'व्हाइट लाइन' म्हणतात. मी 'पांढरी रेघ' असं लिहिलं, पण दिसायला ती पिवळसर होती. त्या रेघेच्या बाहेर खिळा गेला तर घोड्याला समजतही नाही. आत गेला तर घोडा लंगडतो आणि आत पू होऊ शकतो. नालाच्या खिळ्याचं टोक एका अंगाने तासलेलं असतं. ती तासलेली बाजू आत ठेवून ठोकलं की खिळा आपणहून बाहेर वळतो आणि भिंतीतून वर डोकावतो. मग टोक मोडून, वाकवून बसवायचं. खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागातच मारायचे, म्हणजे टाचेला फाकायला जागा राहते. दादाने या कामाचे पैसे दर दीड महिन्याला द्यायला सांगितले होते. मी ते 'किरकोळ खर्च' या सदरात लिहीत आले होते.

नाल निघाला कशामुळे, याचंही उत्तर माझ्याच वहीत होतं. एप्रिलमध्ये लग्नसराई, चाचांच्या आधीचा नालबंद आला नाही, मीही आठवण केली नाही. दहा आठवडे झाले. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. तो वाढत राहिला, नाल मात्र होता तिथेच राहिला. खिळे सैल झाले आणि कुठल्याशा दगडात कड अडकली. चाचांनी उरलेले तीन नाल काढले, खूर तासून सारखे केले आणि म्हणाले, "आता फुटलेल्या जागी खिळा धरणार नाही. दोन-तीन महिने अनवाणी ठेवा. पावसाळाच आहे." खुराला काय झालं हे विचारत मी चाचांपाशी बसले होते, आणि कारण माझ्या चुकलेल्या तारखेत होतं.

अनवाणी तारा मऊ मातीत बरी चालायची, मुरुमावर मात्र काट्यावर चालल्यासारखी. नालाची सवय असलेला तळवा एकाएकी उघडा पडला की असं होतं. शिवाय रस्त्याचा प्रश्न होताच. आमच्या भागात गोदामं वाढली तसे रस्ते काँक्रीटचे झाले. शेतापासून माळापर्यंत जायला असा एक तुकडा ओलांडावा लागतो आणि नाल असताना तारा तिथे दोनदा घसरली होती. लोखंड मातीत रुतून पकड घेतं. गुळगुळीत काँक्रीटवर त्याला धरायला काही नसतं. भाचीने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला: घोड्याच्या पायात रबरी तळाचे बूट, पट्ट्याने आवळलेले, काम झालं की काढून ठेवायचे. "आत्या, हेच घेऊ या." मला ते इतकं पटलं की त्याच रात्री मी मनातून लोखंड बाद करून टाकलं. पुढचे सगळे गोंधळ या घाईतून झाले.

चाचांना सांगताना मी चाचरत होते. त्यांच्या पोटावर पाय येईल असं काही मी बोलते आहे असं मला वाटत होतं. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "हा खूर कुणी तासलाय? छान तासलाय." मी म्हटलं, बूट घातल्यावर तासायला कशाला लागेल? ते म्हणाले, "नाल घाला, बूट घाला, काही घालू नका. नख वाढायचं थांबतं का?" नाल नसलेला घोडा दगडावर पुष्कळ हिंडला तर खूर थोडा आपोआप झिजतो, पण आपण त्याला मऊ जागेत बांधून ठेवतो. दर पाच-सहा आठवड्यांनी कानस लावणारा माणूस लागणारच. मी ज्यांच्याशिवाय भागेल असं गृहीत धरलं होतं, त्यांच्याशिवाय या दोन्हींतलं काहीच चालणार नव्हतं.

त्या पावसाळ्यात रपेट बंद होती, म्हणून वाचत बसले. मला वाटत होतं, नाल जुना आणि बूट नवा. उलटच निघालं. रोमन लोक घोड्याच्या खुराला धातूचा तळ असलेली पादत्राणं पट्ट्यांनी बांधत. जपानात घोड्यांना भाताच्या पेंढ्याचे जोडे विणून घालत. खिळ्यांचा नाल युरोपात रूढ झाला तो नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास. त्याच्याही पुष्कळ आधी, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, झेनोफन या ग्रीक लेखकाने घोड्याच्या उभं राहण्याच्या जागी गोल गोटे पसरावेत, म्हणजे खूर कणखर होतात, असा सल्ला लिहून ठेवला आहे. आजचे रबर-प्लॅस्टिकचे जोडे अमेरिकेत १९७० च्या दशकात बाजारात आले, तेही आधी वाटेत नाल पडला तर गाडीच्या जादा चाकासारखे कामी यावेत म्हणून. आता कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही १०० मैलांची एका दिवसाची दौड, जी १९५५ पासून होते, तीही घोडे असे जोडे घालून पूर्ण करतात. नव्या युगाचं काहीतरी मागवते आहे असं मला वाटत होतं, आणि मी मागवत होते ती नालाहून जुनी कल्पना.

आपल्याकडच्या नालाचीही मला तेव्हाच ओळख झाली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, एवढं शाळेत शिकले होते. पण मराठ्यांच्या फौजेतल्या शिलेदाराला, म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन येणाऱ्या स्वाराला, मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळे, तिला 'नालबंदी' म्हणत, हे मला माहीत नव्हतं. दाणा, वैरण, खोगीर, हत्यार असा सगळा खर्च असताना नाव पडलं ते नालाचं. सह्याद्रीच्या दगडातून घोडं न्यायचं तर पहिला विचार पायाचा. ज्या खर्चाला मी 'किरकोळ' म्हणत होते, त्या नावाने एके काळी फौज उभी राहत होती.

ऑगस्टमध्ये मी बूट मागवले. पुढच्या दोन पायांपुरतेच, कारण घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि पुष्कळ लोक पुढेच बूट घालतात. माप मी स्वतः घेतलं: शिवणाच्या टेपने, सेंटिमीटरमध्ये, खूर तासून पाच आठवडे झालेले असताना, आणि लांबी मोजताना टाचेचे मऊ गोळेही धरून. परदेशातून पार्सल आलं, जकात भरली, बूट चढवले. वीस पावलांत उजवा बूट पायातल्या पायात फिरला, पट्टा पुढे आणि टोक मागे. तारा बावरून थांबली. तिने लाथ झाडली नाही, ती पळाली नाही, माझ्याकडे बघत उभी राहिली. बूट मातीत माखल्यामुळे परत पाठवण्याजोगेही राहिले नाहीत. त्या पैशांत तिची वर्षभराची नालबंदी झाली असती.

दुसऱ्या वेळी चाचांना बोलावून आधी खूर तासून घेतला आणि त्याच दिवशी माप घेतलं. रुंदी म्हणजे तळाच्या सर्वांत रुंद जागी, आडवी. लांबी म्हणजे पुढच्या टोकापासून, टाचेची भिंत जमिनीला जिथे टेकते तिथपर्यंत. त्यामागचे गोळे मोजायचे नाहीत. मोजायचं मिलिमीटरमध्ये, कडक पट्टीने, आणि दोन्ही पायांचं वेगवेगळं. ताराचा डावा खूर उजव्याहून चार मिलिमीटर रुंद निघाला. पुढचे खूर गोल आणि मागचे थोडे टोकदार असतात, म्हणून पुढचं माप मागे चालत नाही, हेही तेव्हा दिसलं. या वेळी मागवलेली जोडी घट्ट बसली. चालवलं, दुडकीवर नेलं, वळवलं. बूट हलला नाही. काँक्रीटच्या त्या तुकड्यावर टापांचा खणखणाट नव्हता, मऊ थपथप होती, आणि ती सरळ पलीकडे गेली. चार मिलिमीटरचा फरक मला आधी डोळ्यांनीसुद्धा दिसला नव्हता.

त्या आनंदात मी मोठी चूक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं होतं, म्हणून बूट रात्रभर पायातच ठेवले. सकाळी काढले तर टाचेच्या गोळ्यांवर केस घासून गेलेले, कातडी लालसर आणि आत घामाचा ओलसर, आंबूस वास. बूट हा कामापुरता असतो. आत पाणी, वाळू, खडा जातो; प्रत्येक रपेटीनंतर काढायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि घोड्याचा पाय पुसायचा. नाल एकदा ठोकला की दीड महिना विसरता येतो, असं मी समजत होते, आणि त्या विसरण्यानेच जूनमध्ये खूर फुटला होता. बूट विसरायला एक रात्र पुरली.

पावसाने आणखी एक धडा दिला. सप्टेंबरमध्ये एके दिवशी पाय उचलला तर मधल्या गादीच्या खाचेतून काळपट चिकट द्रव आणि सडका वास. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, इंग्रजीत याला 'थ्रश' म्हणतात, पुतळी कुजते. ओल, शेण-मूत आणि खाचेत हवा न पोचणं ही कारणं. नाल असो वा नसो, पाय रोज साफ केला नाही तर होतो. त्यांनी औषध दिलं, पण जास्त भर दिला तो कोरड्या जागेवर. मी तबेल्याची जमीन उंच करून घेतली, पाणी निघून जायला उतार दिला, आणि झेनोफनचं ऐकून हौदाभोवती गोल गोटे पसरले. खूर साफ करायचा आकडा दारामागच्या खुंटीवर टांगला. रोज सकाळ-संध्याकाळ टाचेकडून टोकाकडे खाच साफ करायची, खडा अडकला आहे का पाहायचं, आणि खुराला हात लावून तो नेहमीपेक्षा गरम तर नाही ना हे बघायचं. एका आठवड्यात माझ्या हाताला तिच्या खुराचा रोजचा थंडावा ओळखू यायला लागला. ही ओळख मला वर्षभर आधी व्हायला हवी होती.

तरी मनात एक हट्ट होताच की बूट चांगला आणि लोखंड क्रूर. तो घेऊन मी दिवाळीनंतर माथेरानला गेले. तिथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसं आणि सामान पायी, घोड्यांवर आणि हातरिक्षांनी जात आलं, डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा आल्या. घोडेवाल्यांना मी बूट दाखवला. एकाने तो हातात घेऊन वाकवून पाहिला आणि विचारलं, "बाई, दिवसाला किती तास?" मी म्हटलं, दीड तास. त्याचा घोडा हंगामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढ-उतार करतो. तेवढा वेळ बूट ठेवला तर टाच सोलून निघेल, आणि नुसता खूर ठेवला तर वाढतो त्याहून जास्त झिजेल. त्याच्या घोड्याला लोखंडच हवं. बूट आणि नाल यांच्यातला माझा न्यायनिवाडा त्याच्या एका प्रश्नात संपला.

पण त्याने मला खाली वाकून रस्ता पाहायला लावला. माथेरानच्या तांबड्या मातीत नाल रुततो, धरतो. पेव्हर ब्लॉक बसवलेल्या भागात, विशेषतः ओल असताना, तोच नाल सरकतो. मातीची धूप थांबावी म्हणून ब्लॉक हवेत, आणि घोडा घसरू नये म्हणून माती हवी, अशी ही ओढाताण आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक घालायला परवानगी दिली, मात्र आतल्या वाटांवर ते नकोत असं सांगितलं. घोड्याच्या पायात काय आहे याइतकंच त्या पायाखाली काय आहे हे महत्त्वाचं, हे मी भिवंडीच्या काँक्रीटवरून रोज जाऊनही माथेरानला जाऊन शिकले.

परत आल्यावर माझ्या सवयीप्रमाणे वहीत दोन पानं आखली. नालाच्या जमेच्या बाजूला लिहिलं: दिवसभराचं काम सोसतो, खुराची झीज थांबते, चिखलात बुटाइतका सहज निसटत नाही, कुठलाही नालबंद ठोकू शकतो, आजारी किंवा वाकड्या पायाला विशेष नाल घडवून आधार देता येतो, गरजेप्रमाणे धातू बदलता येतो, शर्यतीच्या घोड्याला ॲल्युमिनियमचा हलका नाल असतो. नावे बाजूला: काँक्रीटवर घसरतो, धक्का वर पोचवतो, भिंतीला भोकं पाडतो, खिळा चुकला किंवा नाल उपटला तर इजा, आणि तळवा उघडाच राहतो. बुटाच्या जमेला: रबराची पकड, तळव्याला संरक्षण, खिळा नाही, घरी आल्यावर खूर मोकळा. नावेला: महाग, मापाचा काटेकोरपणा, घासणं, खोल चिखलात निसटणं, रोजची निगा, आणि दर तासणीनंतर माप पुन्हा पाहणं. खिळ्यांऐवजी चिकटवायचे प्लॅस्टिकचे नालही असतात, ते वेगळ्या पानावर गेले. दोन्ही पानांची बेरीज जमेना. नंतर लक्षात आलं, वरती घोड्याचं नाव आणि कामाचे तास लिहायचे राहिले होते.

वरती 'तारा' लिहिलं आणि 'आठवड्यात तीन रपेटी, दीड तास, अर्धा माळ, अर्धा रस्ता' असं लिहिलं, तेव्हा तिच्यापुरतं उत्तर आलं. चाचांनाही ते मान्य झालं. जुलैच्या तासणीच्या दिवशी मी तिच्या खुरावर, केसांच्या रेघेखाली, कानशीने एक बारीक खूण करून घेतली होती. दर महिन्याला मोजत गेले. खूण आठ-आठ मिलिमीटर खाली सरकत होती. फुटलेली कड ऑक्टोबरपर्यंत उतरून गेली, खिळ्यांची भोकंही गेली. टोकाशी पूर्ण नवा खूर यायला नऊ महिने ते एक वर्ष लागतं, म्हणून उन्हाळा येईपर्यंत बूट सोडायची घाई केली नाही. माळावर ती आता अनवाणी चालते, मुरुमावर आणि रस्त्यावर पुढच्या दोन पायांत बूट. एप्रिलमध्ये मुरुमाच्या वाटेवर बूट घालायला मी थांबवलं, तर ती माझी वाट न पाहता पुढे गेली. तिच्या पावलात जूनमधली ती चुकतमाकत टेकण्याची चाल उरली नव्हती.

याच वर्षी चाचांच्या ओळखीच्या वरातीच्या एका घोड्याला मी नाल ठोकताना जवळून पाहिलं. तो रात्री डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभा राहतो, चालतो. त्याच्या मालकाला मी बूट सुचवले नाहीत. चाचांनी नाल आधी खुरावर धरून पाहिला, ऐरणीवर दोनदा ठोकून बाहेरची कड वाकवली, पुन्हा धरून पाहिला. खूर कापून नालाच्या मापाचा केला नाही, नाल खुराच्या मापाचा केला. माझ्या चुकलेल्या बुटाच्या वेळी मी नेमकं हेच विसरले होते.

मी अजूनही नवशिकी आहे. मला नाल ठोकता येत नाही आणि येणारही नाही. पण कुणी विचारलं तर तीन गोष्टी खात्रीने सांगते. पहिलं, लंगडणाऱ्या घोड्याला नाल किंवा बूट घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दुसरं, कामाचे तास आणि पायाखालची जमीन लिहून काढा, मग दुकानात जा. दिवसभर राबणाऱ्या घोड्याला चांगल्या हाताने ठोकलेला नाल, थोड्या वेळाच्या रपेटीच्या घोड्याला नीट मापाचा बूट, आणि मऊ मातीत हिंडणाऱ्याला कदाचित काहीच नाही. तिसरं, नालबंदाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि चुकवू नका. ही माणसं कमी होत चालली आहेत. तुमच्या गावात एखादा असेल तर त्याला वेळेवर बोलावा, योग्य मोबदला द्या, आणि जमलं तर एखाद्या तरुणाला त्याच्या हाताखाली बसवा.

आणि तुमच्याकडे घोडं असेल, मग ते टांग्याचं असो, वरातीचं असो वा हौसेचं, तर आज संध्याकाळी त्याचा पाय उचलून खालून एकदा बघा.